काय मिळालं? : ‘डिटेक्टरिस्ट्स’मधल्या ओळखीच्या चार तऱ्हा

शेतात एक माणूस गुडघे टेकून बसला आहे. कानांवर हेडफोन, पुढ्यात मातीतला छोटासा खड्डा. दुसरा थोड्या अंतरावर आपलं यंत्र थांबवून उभा आहे. काय मिळालं, असं तो विचारतो. पहिला अंगठ्याने माती पुसतो, वस्तू उजेडाकडे धरतो आणि निर्विकारपणे सांगतो की, शीतपेयाच्या कॅनची कडी आहे. कडी कुठल्या पेयाची आणि साधारण कुठल्या सालातली, तेही सांगतो. दुसरा मान डोलावतो, आणि दोघं पुन्हा आपापल्या पट्ट्यात चालू लागतात. ‘डिटेक्टरिस्ट्स’ या ब्रिटिश विनोदी मालिकेत असे प्रसंग इतक्या वेळा येतात की त्यांचं धृपद होतं. कथेत घडण्यासारखं फारसं घडत नसताना ही मालिका माणसाला धरून कशी ठेवते, याचं उत्तर या धृपदात आहे.

मॅकेन्झी क्रूक या अभिनेत्याने ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात अँडीची भूमिकाही केली. ‘द ऑफिस’मधला गॅरेथ आणि ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मधला लाकडी डोळ्याचा चाचा म्हणून तो आपल्याकडच्या प्रेक्षकांनाही आठवेल. त्याचा सोबती लान्स म्हणजे टोबी जोन्स; ‘हॅरी पॉटर’मधल्या डॉबीचा आवाज त्याचा. बीबीसी फोर वाहिनीवर २०१४ ते २०१७ या काळात सहा-सहा भागांची तीन पर्वं आली. २०१५ च्या नाताळात एक आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये एक असे दोन खास भाग झाले. २०१५ मध्ये मालिकेला विनोदी मालिकेचा बाफ्टा पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये टोबी जोन्सला विनोदी अभिनयाचा. मालिका जिथे घडते ते एसेक्समधलं डेनबरी हे गाव काल्पनिक आहे. चित्रीकरण शेजारच्या सफोकमध्ये झालं.

कथानक दोन ओळींत सांगता येतं. धातुशोधक यंत्र घेऊन शेतं पालथी घालणारे दोन मित्र, त्यांचा सात-आठ जणांचा क्लब, त्यांच्यावर कुरघोडी करू पाहणारी दुसरी जोडगोळी, घरी समजून घेणारी आणि अधूनमधून वैतागणारी माणसं. दोघांच्या मनात सॅक्सन सोन्याची आस आहे, पण हाती येतात कड्या, बटणं, खिळे आणि खेळण्यातल्या मोटारी. एवढ्या सामग्रीतून क्रूकने एकच गोष्ट बारकाईने तपासली आहे: अनोळखी वस्तूची ओळख नेमकी पटते कशी?

पहिली तऱ्हा आकारावरून ओळखण्याची. धातुशोधक यंत्र काय करतं, हे इथे समजून घ्यायला हवं. त्याच्या गोल तबकडीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. तिथे धातू असला तर त्यात विजेचे छोटे भोवरे तयार होतात, त्यांचं उलट क्षेत्र तबकडीला जाणवतं आणि कानात आवाज येतो. धातू किती वाहक आहे, केवढा आहे, किती खोल आहे यावर आवाजाचा पोत ठरतो. म्हणजे यंत्र ‘इथे काहीतरी आहे’ एवढंच सांगतं. त्यातही एक खोच अशी की ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची लहान अंगठी यांचे आवाज फार जवळचे असतात. कड्या वगळ, असं यंत्राला सांगितलं तर ते कदाचित अंगठीही वगळेल. म्हणून सोन्याची आशा धरणाऱ्याला प्रत्येक कडी खणावीच लागते. मालिकेतला हा विनोद लेखकाने वरून चिकटवलेला नाही, तो या छंदाच्या विज्ञानातच आहे.

लान्स या कड्यांकडे कचरा म्हणून बघत नाही. तो त्या जपतो, त्यांची कालवारी लावतो. पहिल्यांदा बघताना आपण हसतो. विक्षिप्त माणसाचा विक्षिप्त संग्रह म्हणून सोडून देतो. पण पुरातत्त्वात दुसरं काय करतात? कॅनपासून सुटी निघणारी कडी १९६० च्या दशकातली. पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत कॅनलाच चिकटून राहणारी कडी आली आणि ती हळूहळू जगभर गेली. म्हणजे मातीत मिळालेली सुटी कडी स्वतःचा काळ स्वतःच्या आकारात घेऊन येते. खापराच्या काठावरून किंवा नाण्याच्या छापावरून काळ ठरवणारा अभ्यासक आणि लान्स एकाच पद्धतीने विचार करतात. फरक वस्तूच्या प्रतिष्ठेचा आहे. क्रूक ही गोष्ट कुणाच्या तोंडी घालत नाही. लान्सला कडीबद्दल तितक्याच गांभीर्याने बोलू देतो, जितक्या गांभीर्याने संग्रहालयातला तज्ज्ञ सुवर्णमुद्रेबद्दल बोलेल. टोबी जोन्सचा अभिनय या गांभीर्यावर उभा आहे. त्याच्या चेहऱ्यावर ‘मी विनोद करतोय’ हा भाव कुठेच सापडत नाही.

याच तऱ्हेतलं दुसरं उदाहरण बटणांचं. क्लबचा अध्यक्ष टेरी हा निवृत्त पोलीस आणि बटणांचा गाढा जाणकार. इंग्लंडच्या शेतांत बटणं अमाप मिळतात. काही शेतमजुरांच्या अंगरख्यांवरून तुटून पडलेली, काही गावातल्या कचऱ्याच्या खतातून आलेली. पुढून झिजून गुळगुळीत झालेलं बटण उलटं केलं की मागचा टाका घालायचा आकडा किंवा कारखान्याचा शिक्का बोलू लागतो. टेरीचं बटणप्रेम हा मालिकेतला थट्टेचा विषय आहेच, पण त्या थट्टेला विषारी धार नाही. गावच्या इतिहासात राजे फार थोडे आणि बटणं फार, हे टेरीला पक्कं ठाऊक आहे.

आकारावरून पटलेली ओळख मात्र नेहमीच निरागस राहत नाही. एका प्रसंगात लान्सला ‘जिम’ल फिक्स इट’ या बीबीसीच्या जुन्या कार्यक्रमात मुलांना दिला जाणारा बिल्ला मिळतो. त्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक जिमी सॅव्हिल २०११ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याने मुलांवर केलेले अत्याचार जगापुढे आले. एके काळी वर्गभर मिरवण्याची वस्तू कुणालाही जवळ नकोशी झाली. बिल्ल्याचा धातू तोच, अक्षरं तीच. बदलला तो बघणाऱ्यांचा काळ. मालिका या प्रसंगावर क्षणभरच थांबते आणि पुढे जाते, पण ओळखीची तारीख वस्तूच्या तारखेइतकीच महत्त्वाची असते, हे त्या क्षणात सांगून होतं.

दुसरी तऱ्हा जागेवरून ओळखण्याची. पहिल्या पर्वात दोघं सेक्सरेड या सॅक्सन राजाच्या नौकादफनाच्या मागावर आहेत. मातीत जहाज पुरून त्यात राजाला ठेवण्याची ही रीत मालिकेच्या चित्रीकरणाच्या प्रदेशातच खरोखर सापडली आहे. सफोकमधल्या सटन हू इथे १९३९ मध्ये बेझिल ब्राउन या स्वशिक्षित उत्खननकाराने टेकाड खोदलं. जहाजाचं लाकूड आम्लधर्मी वाळूत केव्हाच नाहीसं झालं होतं. उरले होते फक्त गंजलेले लोखंडी रिव्हेट, ओळीने, आपापल्या जागी. ब्राउनने ते उपटून काढले नाहीत. जागेवर राहू देऊन त्यांच्या ओळींच्या आधाराने तो वाळूत उमटलेला आकार मोकळा करत गेला, आणि सुमारे २७ मीटर लांबीचं जहाज नुसत्या ठशाच्या रूपात उभं राहिलं. त्यातला एखादा रिव्हेट सुटा हातात आला असता तर ते भंगार होतं. ओळीत होता म्हणून ते जहाज झालं.

हे माहीत असलं की पहिल्या पर्वाचा शेवट किती हिशोबाने रचला आहे ते उमगतं. दोघं शेतातून निघून जातात, कॅमेरा वर उचलला जातो, आणि त्यांच्या पायांखालच्या जमिनीत नौकेचा आकार दिसू लागतो. ज्या उंचीवरून तो दिसतो तिथे दोघांपैकी कुणीच नाही. मालिकेच्या रचनेची किल्ली इथे आहे. पात्रांना कमी कळतं, प्रेक्षकाला जास्त. बहुतेक विनोदी मालिकांत हे जास्तीचं ज्ञान पात्रांवर हसण्यासाठी वापरतात. इथे ते आपल्याला अस्वस्थ करतं. ओरडून सांगावंसं वाटतं, आणि सांगता येत नाही.

तिसरी तऱ्हा तुलनेवरून ओळखण्याची, आणि इथे मालिका इतिहासातल्या एका खऱ्या कोड्याला हात घालते. सॉमरसेटमधल्या नॉर्थ पेथर्टनजवळ १६९३ मध्ये सोन्याची एक वस्तू मिळाली. जेमतेम साडेसहा सेंटिमीटर लांब, थेंबाच्या आकाराची. स्फटिकाच्या झाकणाखाली मीनाकारीत बसलेली एक आकृती, आणि निमुळत्या टोकाला श्वापदाचं तोंड. त्या तोंडात पोकळ खोबण, काहीतरी दांडी बसवण्यासाठी. कडेने कोरलेला मजकूर सांगतो की, अल्फ्रेडने मला घडवून घेतलं. आज ती ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. कुणी घडवून घेतली ते वस्तू स्वतःच सांगते, पण ती आहे काय, हे मात्र सांगत नाही. कुणी ती गळ्यातलं पदक मानली, कुणी राजमुकुटाचा भाग, कुणी राजदंडाचं टोक.

उत्तराचा धागा एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत होता. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा अल्फ्रेडने पोप ग्रेगरीच्या धर्मगुरूंसाठीच्या ग्रंथाचा इंग्रजीत अनुवाद केला आणि प्रत्येक बिशपकडे एकेक प्रत पाठवली. प्रतीसोबत पन्नास मँकस (त्या काळचं चलन) किमतीचं एक एस्टेल पाठवत असल्याचं त्याने लिहिलं आहे. एस्टेल म्हणजे वाचताना ओळीवर फिरवायची काडी, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. सोन्याच्या मुठीत हस्तिदंताची किंवा लाकडाची काडी बसवत असावेत. पुढे मिन्स्टर लव्हेल, वॉर्मिन्स्टर, बोलीझ कोव्ह अशा ठिकाणी धाकट्या, साध्या वस्तू मिळत गेल्या. सगळ्या लहान, मौल्यवान, आणि सगळ्यांना तीच पोकळ खोबण. एकटी असताना जी वस्तू कोडं होती, ती भावंडं भेटल्यावर एका कुळातली ठरली.

क्रूकने दुसऱ्या पर्वासाठी नेमकी हीच वस्तू निवडली. पर्वाच्या आरंभी संकटात सापडलेला एक सॅक्सन साधू ग्रंथ आणि एस्टेल जमिनीत पुरतो. म्हणजे ती काय आहे, कुणाची आहे, का पुरली, हे आपल्याला पहिल्याच मिनिटात ठाऊक होतं. मग सहा भाग आपण वाट बघतो. शेवटी लान्सला ते सोनं मिळतं आणि सोनं मिळाल्यावर नाचायचा ठरलेला नाच दोघं नाचतात. प्रसंग आनंदाचा आहे, पण माझ्या मते त्याची चव त्या नाचापेक्षा वस्तूच्या निवडीत आहे. ओळीवर बोट ठेवावं तसं वापरायचं हे उपकरण. ते मिळतं अशा दोन माणसांना, ज्यांनी वर्षानुवर्षं जमीन ओळीओळीने वाचली आहे. तलवारीची मूठ किंवा मुकुटाचा तुकडा दाखवला असता तर प्रसंग अधिक भव्य झाला असता, पण इतका अचूक झाला नसता.

गुप्तधन म्हटलं की आपल्याकडे नाग, अमावास्या आणि मांत्रिक हटकून आठवतात. ते काढणाऱ्याचं भलं होत नाही, अशी समजूत आहे. २०१५ च्या नाताळच्या खास भागात एसेक्समधला लान्सही याच शंकेने पछाडला जातो. एस्टेल ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसलं आहे आणि इकडे त्याच्या यंत्राला धड काही लागत नाही. सोनं बाधलं, असं त्याला वाटू लागतं. या शंकेमागचं दुःख भोळं असलं तरी खरं आहे. शोधणाऱ्याला हवी असलेली गोष्ट मिळाली की उद्यापासून त्याने काय शोधायचं?

चौथी तऱ्हा वापरावरून ओळखण्याची, आणि मालिकेची सगळ्यात मोठी झेप तीच आहे. तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागाच्या शेवटी अँडीला धातूची एक छोटी शिट्टी मिळते. ससाण्याला परत बोलावण्याची, जुन्या काळातल्या शिकाऱ्याची. कडी बघून ओळखता येते, रिव्हेट जागेवरून, एस्टेल भावंडांवरून. शिट्टीची खात्री करण्याचा मार्ग मात्र एकच, फुंकून बघणं. अँडी माती काढतो आणि फुंकतो.

त्या आवाजासरशी आजचं शेत विरघळतं. त्याच जागेवर त्याच जमिनीची गेलेली शतकं उलगडत जातात: ससाणा बाळगणारा माणूस, मातीत पुरलं जाणारं सोनं, वर्षानुवर्षं फिरणारा नांगर, आणि उघड्या पडलेल्या नाण्यांवर उतरणारे मॅगपाय पक्षी. पार्श्वभूमीला द अनथँक्स या भगिनींचं मॅगपायवरचं गाणं आहे, अंगावर काटा आणणारं. निवेदन नाही, पाटी नाही, सालं नाहीत. या काही मिनिटांत मालिका विनोदी राहत नाही, तरीही आपल्या जातीबाहेर गेल्यासारखी वाटत नाही. आधीच्या दोन पर्वांनी आपल्याला वस्तूंकडे हळू बघायला शिकवलेलं असतं, म्हणूनच हा काळाचा झोका पेलवतो. एरवी विनोदी मालिकेत असं दृश्य आगंतुक वाटलं असतं.

संकलनाची एक खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. शिट्टी हरवली एका काळात आणि सोनं पुरलं गेलं दुसऱ्या काळात. दोन्हींचा एकमेकांशी कार्यकारणसंबंध नाही, जागा तेवढी एक. पुरातत्त्व जमिनीचे थर वेगळे करतं. क्रूक ते एका फुंकरीत एकत्र आणतो. शास्त्राच्या दृष्टीने हे चुकीचं, पण जमिनीच्या बाजूने पाहिलं तर खरं. तिच्यासाठी सगळं एकाच ठिकाणी घडलेलं आहे. अँडीला यातलं काहीच दिसत नाही. त्याने फक्त शिट्टी वाजवून पाहिली आहे.

मॅगपाय चकचकीत वस्तू पळवतो, ही युरोपातली जुनी समजूत. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी, प्रयोग करून पाहिले, तर हे पक्षी चकाकत्या वस्तूंना बिचकताना आढळले. क्रूकने विज्ञान बाजूला ठेवून लोककथा घेतली. पर्वाच्या अखेरीला मित्रांच्या आवडत्या झाडावरच्या घरट्यांतून सोन्याची नाणी खाली सांडतात. दोघं इतकी वर्षं खाली बघत होते आणि सोनं डोक्यावर होतं. हा शेवट अनेकांना फार गोड वाटला. मलाही पहिल्यांदा वाटलं की कड्या-बटणांची बाजू घेणारी मालिका शेवटी सोन्यालाच शरण गेली. पण ओळखीच्या चार तऱ्हा ओळीने लावल्या की या नाण्यांचं वेगळेपण दिसतं. ती ओळखावी लागत नाहीत. आकार, जागा, तुलना, वापर, कशाचीच गरज नाही. यंत्र नको, कौशल्य नको. सोनं ही मालिकेतली सगळ्यात सोपी वस्तू आहे, म्हणूनच ती शोधून मिळत नाही, बक्षिसासारखी वरून पडते. कौशल्याचा मान लेखकाने कडीसाठी राखून ठेवला आहे.

मालिकेत उणिवा आहेत. प्रतिस्पर्धी जोडगोळी अनेकदा ठोकळेबाज होते. काही योगायोग सैल वाटतात. पण वस्तूंच्या बाबतीत तिचा हात कुठेच सुटत नाही, कारण तिच्यामागे खरी व्यवस्था आहे. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे इंग्लंडमध्ये तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू मिळाली तर चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे तिथल्या न्यायिक अधिकाऱ्याला, कळवावी लागते. त्यात न बसणाऱ्या साध्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करून घेणारी योजना १९९७ मध्ये सुरू झाली. ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखालच्या या नोंदींत आज पंधरा लाखांहून जास्त वस्तू आहेत. टाचण्या, बकलं, वजनं, अंगुस्ताने. अशा नोंदीत वस्तूचं वर्णन येतं, मोजमाप येतं, मिळाल्याची जागा येते, आणि मग एखादा सावध शब्द येतो: बहुधा, असावं, शक्यता आहे. प्रामाणिक नोंदीने तिथेच थांबायला हवं.

‘बहुधा’च्या पलीकडचं क्रूक दाखवतो, पण ते फक्त आपल्याला. साधू पुरताना दिसतो, शिट्टी हरवताना दिसते, नौकेचा आकार दिसतो. लान्स आणि अँडी यांना मात्र त्याने शेवटपर्यंत यातलं काही कळू दिलेलं नाही. एकदा तरी त्यांना तो साधू स्वप्नात दाखवावा, एखाद्या तज्ज्ञाकडून सगळी हकिगत वदवून घ्यावी, हा मोह कुठल्याही लेखकाला झाला असता. क्रूकने तो टाळला आणि आपल्या माणसांना नोंद करणाऱ्याच्या प्रामाणिकपणापाशीच उभं ठेवलं. कल्पनेचा सगळा पसारा प्रेक्षकाच्या वाट्याला दिला आणि पात्रांच्या वाट्याला हातातली वस्तू तेवढी ठेवली. लेखक म्हणून त्याची खरी हुकमत मला या वाटणीत दिसते.